केलापा गाडिंग ते बेनहिल: जकार्तातल्या रोजच्या प्रवासाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

अनघा (नाव बदललं आहे) मूळची डोंबिवलीची. लग्नानंतर पुण्यात स्थायिक झालेली, एका निर्यात कंपनीच्या हिशेब विभागात काम करणारी. ऑगस्ट २०२३ मध्ये दोन वर्षांच्या नेमणुकीवर ती जकार्तात आली. सोबत नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी. नवरा पुण्यातल्या कंपनीचं काम घरूनच करायचा. जकार्ताचं घड्याळ भारताच्या दीड तास पुढे, त्यामुळे त्याच्या बैठका तिथल्या रात्री साडेआठपर्यंत चालायच्या. मुलीची शाळा ठरली केमायोरानला, शहराच्या उत्तरेकडे. अनघाचं ऑफिस सुदिर्मान रस्त्यावर, बेंडुंगान हिलिर भागात. तिथे सगळे त्याला बेनहिल म्हणतात. हा भाग शहराच्या मध्याच्याही जरा दक्षिणेला.

घर घेतलं केलापा गाडिंगमध्ये. हे नाव नारळाच्या एका पिवळ्या जातीचं. रुंद रस्ते, मोठे मॉल, शाळेच्या बसची सोय. त्या बाजूला भारतीय कुटुंबंही बरीच. घर बघायला तिच्याबरोबर, इथे बरीच वर्षं राहणारी म्हणून, मी गेले होते आणि होकार द्यायचा सल्लाही माझाच. दिवस रविवारचा होता, दुपारचे बारा. ऑफिसच्या इमारतीपासून घरापर्यंत गाडीने आम्हाला पस्तीस मिनिटं लागली. अंतर पंधरा-सोळा किलोमीटर. अनघा म्हणाली, "ताई, डोंबिवलीहून दादरला याहून जास्त वेळ जायचा." आम्ही दोघींनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी अनामत रक्कम भरून टाकली.

हे सविस्तर लिहिते आहे, कारण पुढचं सगळं त्या पस्तीस मिनिटांवर उभं राहिलं.

अडचण

सोमवारी त्याच वाटेला एक तास पन्नास मिनिटं लागली. मंगळवारी एक तास दहा. बुधवारी पुन्हा पावणेदोन तास. जकार्तात वाहतूक तुंबली की लोक फक्त "माचेत" म्हणतात. उशिरा आलेल्या माणसाला कोणी आणखी काही विचारत नाही. पण अनघाच्या विभागाची सकाळची बैठक साडेआठला सुरू व्हायची आणि तिथे हे कारण रोज चालणार नव्हतं.

ती गर्दीला घाबरणारी नव्हती. पंधरा वर्षं लोकलने फिरलेली बाई. लोकलला गर्दी असते, पण आठ तेराची गाडी साधारण आठ तेरालाच येते, आणि एकदा आत शिरलं की दादर कधी येणार हे माहीत असतं. रुळावरच्या गाडीला समोरची रिक्षा अडवू शकत नाही. अनघाच्या डोक्यातलं प्रवासाचं गणित या खात्रीवर उभं होतं. केलापा गाडिंग ते बेनहिल या वाटेवर ती खात्री नव्हती. चंपाका पुतिह, म्हणजे पांढरा चाफा, या सुंदर नावाच्या चौकात गाडी दहा मिनिटं थांबेल की चाळीस, हे कोणालाही सांगता येत नव्हतं.

तिला छळत होती ती ही अनिश्चितता. सरासरी काढली तर सव्वा तास. पण सरासरीचा काय उपयोग? साडेआठला पोचायचं तर रोज सर्वात वाईट दिवस धरून निघावं लागे. म्हणजे बरा दिवस असला की ती पावणेआठला ऑफिसात एकटी बसलेली आणि धरल्याहूनही वाईट दिवस असला की नऊला धावत येणारी. संध्याकाळी हेच उलट्या दिशेने. मुलीला गृहपाठाला बसवायची वेळ ठरवता येईना, स्वयंपाकाची ठरवता येईना.

कोणते पर्याय होते

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही कागद घेऊन बसलो.

पहिला पर्याय, चालकासह महिन्याच्या भाड्याने गाडी. इथल्या परदेशी नोकरदारांचा हा नेहमीचा रस्ता. भाडं तिच्या पगाराच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याइतकं. गाडी काही लवकर पोचणार नव्हती, पण निदान मागच्या सीटवर काम करता येईल, डोळा लागेल, असा हिशेब.

दुसरा, ओजेक. म्हणजे दुचाकीवर मागे बसून जाणं. ही पद्धत इथे जुनीच. २०१५ मध्ये गोजेकचं ॲप आल्यापासून मात्र ती शहराची रोजची सवय झाली. हिरवी जाकिटं घातलेले चालक प्रत्येक नाक्यावर. पूर्ण वाटेला पन्नास-पंचावन्न मिनिटं आणि एका बाजूला चाळीस हजार रुपियाच्या आसपास, म्हणजे आपले सव्वादोनशे रुपये. वेळेच्या बाबतीत सर्वात भरवशाचा पर्याय हाच. पण जकार्तात दुचाकीला टोलरस्त्यावर बंदी, त्यामुळे सगळी वाट ट्रकांच्या आणि धुराच्या बाजूने. त्यात त्या ऑगस्टमध्ये जकार्ताची हवा इतकी बिघडली होती की सरकारी कर्मचाऱ्यांना घरून काम करायला सांगितलं होतं.

तिसरा, सार्वजनिक वाहनांची साखळी. घराजवळून मिक्रोट्रान्स ही छोटी गाडी. तिचं भाडं शून्य, फक्त कार्ड टेकवायचं. मग बुलेवार्ड उतारा स्थानकावरून २०१९ मध्ये सुरू झालेली एलआरटी, म्हणजे छोटी शहरी रेल्वे. ही मार्गिका तेव्हा जेमतेम पावणेसहा किलोमीटरची, सहा स्थानकांची, वेलोड्रोमला संपणारी. तिथून पुलावरून चालत ट्रान्सजकार्ता या बससेवेच्या थांब्यावर. मग चार क्रमांकाच्या मार्गिकेची बस, शेवटी डुकुह आतासला उतरून एमआरटी या भुयारी मेट्रोने दोन स्थानकं. चार वाहनं. बसचं तिकीट ३,५०० रुपिया आणि तिन्ही मोठी वाहनं मिळून तीन तासांत १०,००० रुपियाच्या वर आकारणी नाही. म्हणजे पंचावन्न रुपयांत सगळं. वेळ दीड तासाच्या आसपास.

चौथा, घर बदलून दक्षिणेला एमआरटीजवळ जाणं. चिपेते, हाजी नावी, ब्लोक आ. २०१९ च्या मार्चमध्ये सुरू झालेली ही मेट्रो तेरा स्थानकं अर्ध्या तासात पार करते. अनघाचा प्रश्न पंधरा मिनिटांत सुटला असता. पण मग मुलीची शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहिली असती, म्हणजे आईचा त्रास उचलून लेकीच्या पाठीवर ठेवायचा. शिवाय घराचा करार वर्षाचा.

पाचवा पर्याय त्या दिवशी कागदावर आलाच नाही: ऑफिसशी बोलून कामाची वेळ बदलून घेणं. नवीन जागी, नव्या देशात, आल्या आल्या सवलत कशी मागायची, हा संकोच. मीही सुचवलं नाही.

काय केलं: पहिला टप्पा

गाडी घेतली, सहा महिन्यांच्या करारावर. करार करताना आम्ही सगळं विचारलं. चालकाचा अनुभव, पेट्रोल कोणाचं, रविवारचं काय. एक गोष्ट विचारली नाही. पाटीवरचा शेवटचा आकडा.

जकार्तात "गंजिल-गनप" म्हणजे विषम-सम हा नियम आहे. पूर्वी मोठ्या रस्त्यांवर गर्दीच्या वेळी गाडीत किमान तीन माणसं असण्याची सक्ती होती. त्यावर उपाय म्हणून लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून भाड्याने प्रवासी व्हायचे. २०१६ मध्ये ती सक्ती रद्द झाली आणि सम-विषम आलं. सकाळी सहा ते दहा आणि दुपारी चार ते रात्री नऊ या वेळात सम तारखेला सम आकड्याच्या गाड्या, विषम तारखेला विषम. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या मोकळ्या. विजेवरच्या गाड्यांना सूट. सुदिर्मान हा रस्ता या नियमात ठळकपणे बसतो. अनघाच्या गाडीचा शेवटचा आकडा होता आठ.

म्हणजे निम्मे कामाचे दिवस गाडी ऑफिसच्या दारात जाऊच शकत नव्हती. विषम तारखांना ती पावणेपाचला उठून पावणेसहाच्या आत सुदिर्मान गाठायची, आणि परतताना एक तर चारच्या आत निघायचं, नाहीतर नऊपर्यंत थांबायचं. मधल्या आडरस्त्यांनी जावं तर तिथे तिच्यासारख्याच अडलेल्या सगळ्यांची रांग. त्यात ३१ तारखेनंतर १ तारीख, सलग दोन विषम दिवस. ऑक्टोबरअखेर मंगळवार-बुधवार असे जोडून आले तेव्हा ती मला फोनवर म्हणाली, "ताई, मी पैसे देऊन स्वतःला कोंडून घेतलंय."

गाड्या पुरवणाऱ्या एजन्सीने पाटी बदलून दुसरी गाडी द्यायला नकार दिला. करारात तसं लिहिलंच नव्हतं, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. डिसेंबरमध्ये एक महिन्याचं भाडं सोडून देऊन तिने करार मोडला. हा निर्णय तिने वेळेत घेतला, असं मला आजही वाटतं. सहा महिन्यांचे पैसे भरलेत म्हणून सहा महिने सहन करणारे मी खूप पाहिलेत.

दुसरा टप्पा

जानेवारीपासून सकाळी चार वाहनांची साखळी आणि संध्याकाळी जमेल तसं. सकाळ चांगली जमली. तिने महिनाभर वहीत वेळा लिहून ठेवल्या. त्या वहीने जे दाखवलं ते आमच्या अंदाजात नव्हतं. दिवसागणिक जो फरक पडत होता, त्यातला एलआरटी आणि एमआरटीचा वाटा दोन-तीन मिनिटांचा. घर ते एलआरटी या दीड किलोमीटरला कधी आठ मिनिटं, कधी तीस. आणि बसच्या टप्प्यात दहा-पंधरा मिनिटांचा फरक.

ट्रान्सजकार्ता २००४ पासून धावते आहे. बससाठी वेगळी मार्गिका, उंच फलाटाचे थांबे, रोख पैसे चालत नाहीत, चढताना आणि उतरतानाही कार्ड टेकवायचं, बसचा पुढचा भाग बायकांसाठी. बेस्टच्या प्रवाशाला हेवा वाटावा अशी रचना. पण मार्गिका जिथे कठड्याने बंद नाही तिथे गाड्या आणि दुचाक्या आत घुसतात आणि मग बसही माचेतमध्ये.

सवय व्हायला वेळ लागला, चुकाही झाल्या. जानेवारी २०२४ मध्ये बऱ्याच थांब्यांची नावं बदलली. डुकुह आतास दोन हा थांबा गालुंगुंग झाला. अनघा एकदा बसमध्ये उभ्याउभ्या घोषणा ऐकत राहिली, ओळखीचं नाव आलंच नाही. शेवटी शेजारच्या मुलीने, "म्बाक, इथेच" म्हणून हाताला धरून उतरवलं. म्बाक म्हणजे ताई. अनोळखी शहरात कोणी ताई म्हटलं की काय होतं, हे तिने मला दोनदा सांगितलं.

निर्णायक संध्याकाळ

फेब्रुवारीचा शेवट. नवरा कामासाठी दहा दिवस पुण्याला गेला होता. शाळेची बस मुलीला घरी सोडायची, वरच्या मजल्यावरच्या इबू (मोठ्या बाईंना इथे आदराने असं म्हणतात) तिला तासभर सांभाळायच्या, सहाच्या सुमारास अनघा पोचायची. अशी व्यवस्था आठवडाभर नीट चालली.

त्या दिवशी साडेतीनला पाऊस सुरू झाला. हिंदमाता पाहिलेल्या माणसाला पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको. केलापा गाडिंग सखल भाग. मुळात दलदलीची जमीन. तिथे पाणी लवकर साचतं आणि सावकाश उतरतं. अनघा साडेचारला निघाली. ओजेकला कोणी होकार देईना. एकाने दिला आणि पाच मिनिटांनी रद्द केला. मोटारटॅक्सीचा आकडा तिप्पट, तीही येईना. एमआरटी वेळेवर आली. बस मांगगराईच्या पुढे उभी राहिली ती राहिलीच, कारण पाण्यातून वाट काढणाऱ्या गाड्या तिच्या मार्गिकेत शिरल्या होत्या. एलआरटी चालू होती. पण ती स्थानकावर उतरली तेव्हा खालचा रस्ता गुडघाभर पाण्यात. शेवटचा दीड किलोमीटर ती चप्पल हातात घेऊन, दुकानांच्या पायऱ्यांना धरून चालली. फोनची बॅटरी संपलेली.

घरी पोचली आठ वाजून दहा मिनिटांनी. मुलगी इबूंच्या सोफ्यावर शाळेच्या गणवेशातच झोपली होती. जेवली होती. पण झोपण्याआधी दर थोड्या वेळाने दाराशी जाऊन बघत होती, असं इबूंनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अनघाने मला बोलावलं. नेमणूक अर्धवट सोडून परत जायचं का, इथपर्यंत गोष्ट आली होती. आम्ही पुन्हा कागद काढला, पण या वेळी प्रश्न बदलला. "लवकर कसं पोचायचं" हे खोडून तिने लिहिलं, "सर्वात वाईट दिवशी मी लेकीजवळ किती वाजता असेन?"

तिसरा टप्पा

दोन गोष्टी केल्या. पहिली सोपी निघाली. तिने वरिष्ठांकडे सात ते साडेतीन ही वेळ मागितली, वहीतले आकडे पुढे ठेवून. परवानगी एका बैठकीत मिळाली. त्या मजल्यावरचे चार स्थानिक सहकारी आधीपासून तसंच येत होते. पहाटे पाच ते सात बसचं तिकीटही ३,५०० ऐवजी २,००० रुपिया, म्हणजे लोकांनी लवकर निघावं असं शहरालाच वाटतं. सहा महिने आम्ही ज्याला सवलत समजून संकोचलो, ती तिथली रीत होती.

दुसरी गोष्ट घराची. ऑफिसजवळ की शाळेजवळ, या दोन टोकांत आम्ही अडकलो होतो. वहीने तिसरी जागा दाखवली. सगळा घोळ घर ते एलआरटी या तुकड्यात होता, तर तो तुकडाच काढून टाकायचा. घर वेलोड्रोमपाशी, रावामांगूनमध्ये घ्यायचं. म्हणजे मिक्रोट्रान्स आणि एलआरटी दोन्ही गळतात. उरते एक बस आणि मेट्रोची दोन स्थानकं. मुलीची शाळा थोडी लांब होते, पण शाळेची बस त्या भागात येत होती.

"रावा" म्हणजे दलदल. नावातच पाणी असलेल्या भागात घर घ्यायचं तर तपासूनच. आम्ही मार्चमध्ये तीन घरं पाहिली, तिन्ही कामाच्या दिवशी सकाळी साडेसहाला. आणि प्रत्येक गल्लीत घरमालकाला न विचारता कोपऱ्यावरच्या वारुंगमध्ये, म्हणजे चहा-भाताच्या टपरीत, विचारलं: पाणी कुठपर्यंत येतं? पहिल्या गल्लीतल्या बाईंनी भिंतीवर मांडीच्या उंचीला हात ठेवला. दुसऱ्या गल्लीत घोट्यापाशी. तिसऱ्या गल्लीतले काका म्हणाले, नाक्यापर्यंत येतं, इथे चढ आहे. तिसरं घर सर्वात जुनं आणि सर्वात लहान होतं. तेच घेतलं. वर्षाचा करार संपायच्या आधी, शाळेच्या जूनच्या सुट्टीत सामान हललं.

निष्पत्ती

नव्या घरातून ऑफिस पन्नास मिनिटं ते सव्वा तास. फार कमी झालं असं नाही. गाडीचा सर्वात चांगला दिवसही जवळपास एवढाच होता. पण आता वाईट दिवसही सव्वा तासाचाच, आणि बस अडलीच तर शेवटचे दोन-तीन किलोमीटर ओजेकने किंवा पायी निभावतात. साडेतीनला निघून ती पाचच्या आत घरी असते.

मुलीचा प्रवास दहा मिनिटांनी वाढला. तिच्या मैत्रिणी केलापा गाडिंगला राहिल्या, आणि हा तोटा आमच्या कागदावर कुठल्याच रकान्यात नव्हता. सुरुवातीचे दोन महिने ती रुसलेली होती. आता शनिवारी ती बाबांबरोबर एलआरटीने मैत्रिणींकडे जाते. इबूंकडेही जाते.

वेगळं काय करता आलं असतं

घर रविवारी दुपारी पाहिलं, ही माझी चूक. मी इथे दहा वर्षं राहते, मला ती माहीत असायला हवी होती. लेबारानच्या, म्हणजे ईदच्या, सुट्टीत, लोक गावी गेल्यावर, हेच शहर अर्ध्या तासात आरपार होतं. रिकामा रस्ता काहीच सांगत नाही हे मला ठाऊक होतं, तरी त्या दिवशी सुटलं.

वर्षाचा करार करायची घाईही नको होती. पहिला महिना भाड्याच्या खोलीत काढायला हवा होता. इथे महिन्याच्या बोलीवर "कोस" म्हणून खोल्या मिळतात, ऑफिसच्या मागच्या गल्लीतसुद्धा. कुटुंब असलेल्यांना ते गैरसोयीचं वाटतं, पण अनघा महिनाभर आधी एकटी आली असती तर वही तेव्हाच तयार झाली असती.

वेळ बदलून मागणं पहिल्या आठवड्यात व्हायला हवं होतं. आणि पावसाळी दिवसासाठी इबूंशी स्पष्ट बोलणं: उशीर झाला तर जेवण, झोप, कोणाला फोन. इबूंनी ते सगळं आपणहून केलं. त्यांच्या चांगुलपणावर आमची सगळी व्यवस्था टेकली होती आणि आम्ही त्यांना ते कधी सांगितलंही नव्हतं.

एका बाबतीत मी अजून ठाम नाही. एलआरटी वेलोड्रोमच्या पुढे मांगगराईपर्यंत नेण्याचं काम २०२३ च्या अखेरीस सुरू झालं. ती जोडली गेली की केलापा गाडिंगचं गणित बदलणार होतं. थोडं थांबलो असतो तर घर बदलावं लागलं नसतं का? अनघाला हे विचारलं तर ती म्हणाली, "ताई, तोवर माझी लेक बारा वर्षांची झाली असती."

या जुलैत सोलापूरहून एक कुटुंब आलं. त्यांना घर दाखवायला मी सोमवारी सकाळी सहाला नेलं. पाऊस नव्हता, म्हणून करार करण्याआधी वारुंगवाल्या काकांकडे थांबलो.